माण-खटावमध्ये मृद-जलसंधारणाचं काम: सुरुवात कुठून, कामं कोणती, पोट कशावर

विचारणा थोडक्यात अशी आहे: घर सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात, कृषी पदवी झालेली, सध्या पुण्यात नोकरी. गावी परतून माती-पाण्याच्या संधारणात काम करायचं आहे. कोणती कामं शिकावीत, कुठे चुकतं आणि यावर घर चालतं का?

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. या भागात संधारणाची कामं कमी झालेली नाहीत. १९७२ च्या दुष्काळातली आणि नंतरच्या रोजगार हमीतली बांधबंदिस्ती, पाझर तलाव, त्यानंतर जलयुक्त शिवार, पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेतलं श्रमदान असं बरंच झालं आहे. २०१८ चा वॉटर कप माणमधल्याच टाकेवाडीने जिंकला. कमतरता आहे ती पहिल्या वळवाला डोंगरावर हजर असणाऱ्या आणि पाच वर्षांनी चर गाळाने भरले की तिथे पुन्हा जाणाऱ्या माणसाची. बाहेरची संस्था प्रकल्प संपला की जाते, अधिकाऱ्याची बदली होते. तुम्ही तिथले आहात म्हणून हे काम तुमच्याकडून होऊ शकतं. म्हणून शिकताना, पैसे ठरवताना, गावाशी बोलताना देखभाल पहिल्या दिवसापासून धरा.

पहिलं वर्ष खोदायचं नाही, मोजायचं. गावाचा नकाशा आणि गटवार क्षेत्र भूमी अभिलेख कार्यालयातून घ्या. १:५०,००० चा टोपोशीट (उंचसखलपणा दाखवणारा नकाशा) किंवा इस्रोच्या भुवन संकेतस्थळावरची प्रतिमा घेऊन ओढे, नाले, घळी त्यावर उतरवा आणि पाणलोटाची, म्हणजे ज्या क्षेत्राचं पाणी एकाच नाल्याला येतं त्याची, हद्द आखा. ती गावाच्या हद्दीशी क्वचितच जुळते. मग शिवारफेरी. एकट्याने नव्हे, वरच्या वस्तीवरचा मेंढपाळ, जुना विहीर खोदणारा आणि खालच्या बागायतदारांपैकी एक असे सोबत हवेत. विहीर खोदणाऱ्याकडून मुरूम किती फुटांवर संपला, पाणी कोणत्या थरातून लागलं, काळा पाषाण कुठे लागला हे लिहून घ्या. आपल्या बेसॉल्टमध्ये पाणी राहतं ते कुजलेल्या मुरमात आणि भेगांमध्ये. वरच्या थरात पाणी मुरतं आहे की अखंड काळ्या खडकावरून सरकून पुढे जातं आहे, हे त्या माणसाला ठाऊक असतं.

पंधरा-वीस विहिरी निवडून जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये पातळी मोजा. भूजल सर्वेक्षण यंत्रणाही याच महिन्यांत निरीक्षण विहिरी मोजते, त्यामुळे तुलना सोपी जाते. जमिनीपासूनची खोली मोजायची, कठड्यापासून नव्हे, कारण कठडा कुणीतरी पुढे वाढवतो आणि आकडे फसतात. शाळेच्या आवारात साधं पर्जन्यमापक बसवा आणि रोज सकाळी साडेआठला वाचा. महसूल मंडळाचा आकडा तुमच्या डोंगराला लागू पडेलच असं नाही. वळवाचा पाऊस एका शिवारात ६० मिमी पडतो, शेजारच्या गावात थेंब नसतो.

या आकड्यांवरून पाण्याचा ताळेबंद मांडा. समजा पाणलोट १,००० हेक्टर आणि पाऊस ५०० मिमी. म्हणजे ५० लाख घनमीटर, ५०० कोटी लिटर. यातलं बहुतेक बाष्प होऊन, पिकांतून आणि गवतातून उडून जातं. बेसॉल्टमध्ये जमिनीत मुरणारं पाणी ढोबळ हिशेबाला १० टक्के धरा: ५० कोटी लिटर. ऊस पाटपाण्यावर असेल तर पाऊस वजा जाता हेक्टरी सुमारे १५,००० घनमीटर, म्हणजे दीड कोटी लिटर मागतो. ३३ हेक्टर उसात सगळं मुरलेलं पाणी संपलं. हा हिशेब ग्रामसभेत फळ्यावर मांडा. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने दरवर्षी ताळेबंद मांडला, शेतीसाठी बोअर बंद ठेवले, ऊस-केळी टाळली, म्हणून तिथली कामं टिकलेली दिसतात. त्याआधी पुरंदरमध्ये विलासराव साळुंखे यांनी १९७४ च्या सुमारास नायगावपासून पाणी पंचायत सुरू केली. तिथे पाण्याचा वाटा जमिनीच्या एकरांवर न ठरता घरातल्या माणसांवर ठरायचा आणि उसाला पाणी नसायचं. आता उरमोडी आणि जिहे-कठापूर या सिंचन योजनांचं पाणी आपल्या भागात येऊ लागल्यावर ऊस सरकत वर येतो आहे. कॅनॉल आला म्हणून डोंगरावरचं काम अनावश्यक झालं असं मानणाऱ्या गावाला हा फळा दरवर्षी दाखवावा लागेल.

आता प्रत्यक्ष कामं. क्रम माथा ते पायथा हाच, आणि त्यात सूट नाही. वरची उघडी टेकडी तशीच ठेवून खाली बंधारा बांधला तर दोन-तीन पावसाळ्यांत तो गाळाने भरतो.

सलग समतल चर हे डोंगरउतारावरचं मुख्य काम. नेहमीचं माप ६० सेंमी रुंद, ३० सेंमी खोल. एका मीटरला १८० लिटर पाणी मावतं. दोन ओळींत ६ मीटर अंतर ठेवलं तर हेक्टरी सुमारे १,६६५ मीटर चर होतो आणि ३०० घनमीटर पाणी धरतो, म्हणजे त्या हेक्टरवरून वाहून येणारं ३० मिमी पाणी. खोदलेली माती खालच्या बाजूला, चराच्या काठापासून ३० सेंमी जागा सोडून टाकायची. ही सोडलेली पट्टी बर्म. ती नसेल तर पहिल्याच पावसात भरावाची माती चरात परत येते. दर १५-२० मीटरवर अर्धा मीटर जागा न खोदता सोडायची, म्हणजे एका ठिकाणी फुटलं तरी अख्खी ओळ रिकामी होत नाही. मऊ मुरमात एका माणसाचं दिवसाचं काम एक ते दीड घनमीटर धरलं तर हेक्टरी २०० ते ३०० मनुष्यदिवस लागतात. हे काम रोजगार हमीतच परवडतं, ते यामुळे.

चर फसतात ते आखणीत. ५० मीटरच्या चरात दोन टोकांच्या पातळीत १५ सेंमीचा फरक पडला की वरच्या टोकाला ३० सेंमी खोलीचा निम्मा भाग वाया जातो, सगळं पाणी खालच्या टोकाला जमतं, तिथे भराव फुटतो आणि नवी घळ सुरू होते. वाकडा चर न खोदलेल्या उतारापेक्षा वाईट. नजरेने आखणी करू देऊ नका, कितीही अनुभवी माणूस असला तरी.

आखणीसाठी ए-फ्रेम घरी बनते. दोन मीटरच्या दोन सरळ काठ्या वर बांधायच्या, पायांत दोन मीटर अंतर, मध्ये आडवी काठी, वरून दोरीला दगड. जमिनीवर ठेवून दोरी आडव्या काठीला जिथे टेकते तिथे खूण करायची, मग पायांची अदलाबदल करून दुसरी खूण. दोन्ही खुणांचा मध्य म्हणजे समपातळी. काठ्या वाळून वाकतात, गाठी ढिल्या होतात, म्हणून ही तपासणी रोज सकाळी करायची. लांब अंतराला हायड्रोमार्कर बरा: १०-१२ मीटर पारदर्शक नळी, मोजपट्टी लावलेल्या दोन काठ्या, रंगीत पाणी. त्यात चूक होते ती बुडबुड्यांनी. नळी भरल्यावर दोन्ही काठ्या शेजारी उभ्या करून पातळी सारखी येते का पाहायचं, नाही आली तर नळी झटकून पुन्हा भरायची. वाऱ्याच्या दिवशी ए-फ्रेमचा दगड हलतो, तेव्हा हायड्रोमार्करच. आखलेल्या रेषेवर लगेच चुन्याची फक्की मारायची. नुसते दगड ठेवले तर गुरं उधळतात.

उतार काढण्यासाठी तोच हायड्रोमार्कर चालतो. १० मीटर अंतरावर वाचनात ८० सेंमीचा फरक म्हणजे ८ टक्के. तीस टक्क्यांच्या वर चढण असेल तर चर नको, गवत आणि चराईबंदी पुरे. मातीचा थर वीतभरही नसून खाली सलग पाषाण असेल तिथेही खोदायचं नाही. जेसीबी डोंगरावर चढवण्याचा मोह होतो. त्याच्या चाकांनी दोन ओळींमधली जमीन दबते, गवत मरतं, आणि यंत्राला समपातळीतलं वळण नीट घेता येत नाही. पायथ्याच्या सपाटीवर यंत्र ठीक, माथ्यावर हातानेच.

घळीत अनगड दगडी बांध. पाणलोट लहान, दहा हेक्टरच्या आत. उंची एक मीटरच्या आत ठेवा. पाया ३० सेंमी, दोन्ही काठांत अर्धा मीटर घुसवलेला, वरच्या बाजूचा उतार १:१, खालचा १:२ किंवा अधिक सपाट. मोठे दगड बाहेर आणि खालच्या अंगाला, बारीक आत. मधला भाग कडांपेक्षा २०-३० सेंमी खाली ठेवायचा म्हणजे पाणी मधूनच जातं. वरची कड सपाट ठेवलेले बांध बगलेतून फुटतात, कारण पाणी काठावरची माती कापून वाट काढतं. खालच्या बाजूला दगडांची पसरण केली नाही तर पाणी पायाशी खड्डा करतं आणि बांध पुढे कोसळतो. अंतराचा नियम सोपा: खालच्या बांधाच्या मध्याची पातळी वरच्या बांधाच्या पायाला यावी. मध्याची उंची ८० सेंमी आणि घळीचा उतार १० टक्के असेल तर ८ मीटर. एक काळजी जरूर घ्या. दगड उतारावरून उपटू नका. मातीत अर्धे रुतलेले दगड तिथली माती धरून असतात. घळीत सुटे पडलेले किंवा शेतातून वेचलेले दगडच वापरायचे. बांधामागे गाळ साचला म्हणजे बांध वाया गेला असं लोक म्हणतात. उलट आहे: गाळ साचला की घळीचा तळ वर आला, काम साधलं. त्या गाळावर वाळा किंवा निरगुडी लावून टाका.

शेतातल्या बांधबंदिस्तीत मातीनुसार फरक करावाच लागतो. हलक्या-मध्यम जमिनीत समपातळी बांध चालतात, पण प्रत्येक पट्टीला दगडी सांड, म्हणजे जादा पाणी बाहेर जाण्याची वाट, हवी. सांड नसलेला बांध फुटतो आणि मग खालचा शेतकरी वरच्याच्या दारात येतो. खोल काळ्या जमिनीत समपातळी बांध घालू नका. ती माती उन्हाळ्यात भेगाळते, बांधही भेगाळतो, आणि भिजल्यावर पाणी तुंबून तूर पिवळी पडते. तिथे ढाळीचे बांध, लांबीला ०.२ ते ०.४ टक्के ढाळ देऊन, पाणी सुरक्षित नाल्याला काढायचं. रब्बी ज्वारीच्या पट्ट्यात, एक-दोन टक्के उताराच्या जमिनीत जुलैमध्येच बंदिस्त वाफे करून ठेवले, साधारण ६ ते १० मीटरचे, तर सप्टेंबरच्या पेरणीला ओल खोल मिळते. यासाठी शासनाचा पैसा लागत नाही, बैलजोडी किंवा ट्रॅक्टर आणि सारायंत्र पुरतं. गावाचा विश्वास बसायला हे काम सगळ्यात उपयोगी, कारण फरक त्याच हंगामात दिसतो.

माती नाला बांध आराखड्याशिवाय आणि अभियंत्याशिवाय करू नका. तुमचं काम देखरेखीचं. मधल्या खंदकात आणि गाभ्यात काळी चिकण माती, बाहेर मुरूम. थर १५-२० सेंमीचे, प्रत्येक थर भिजवून दाबलेला. झुडपं, मुळं, गवत भरावात जाता कामा नये, ती कुजली की त्याच वाटेने पाणी झिरपू लागतं. सांडवा भरावावर नाही, बाजूच्या पक्क्या जमिनीत. बांध खचणार म्हणून उंचीला दहावा भाग जास्त. पुढे त्यावर बाभूळ उगवू देऊ नका, घुशींची बिळं दिसली की बुजवा.

नाला खोलीकरणाबद्दल आग्रहाने सांगतो. पोकलेन लावून नाला खोल केला की पहिल्या वर्षी पाण्याचा फोटो छान येतो. पण मुरमाचा पाणी धरणारा थर कापला गेला तर शेजारच्या विहिरींमधलं पाणी नाल्यात येऊन उन्हात उडतं. तुमच्या भागात एप्रिल-मेमध्ये दिवसाला ८ मिमीपेक्षा जास्त पाणी उघड्या पृष्ठभागावरून जातं. साचलेला गाळ काढणं ठीक, मूळ तळाखाली खोदणं नाही. हीच गोष्ट प्लॅस्टिक अंथरलेल्या शेततळ्याची. पावसाचं वाहतं पाणी त्यात भरत असेल तर ते संधारण. बोअर चालवून भरत असाल तर तो सगळ्यांच्या भूजलाचा वैयक्तिक साठा झाला, आणि त्याला संधारणाचा निधी मागू नये.

आता माळरान. इथे संधारणाच्या नावाखाली सगळ्यात जास्त नुकसान होतं. महसुली कागदावर जे पडीक किंवा गायरान आहे, ते बऱ्याच ठिकाणी मूळचं गवताळ रान आहे. लांडगा, खोकड, चिंकारा, माळटिटवी, धाविक, चंडोल यांना झाडी नको, उघडं गवत हवं. सोलापूरकडे नान्नजला माळढोक अभयारण्य झालं ते अशाच रानासाठी, आणि माळढोक तिथून जवळपास नाहीसा झाला. चांगल्या गवताच्या माळावर चर मारून ग्लिरिसिडिया आणि सुबाभूळ लावणं म्हणजे आहे ते मोडणं. सुबाभूळ तर बी टाकून पसरत जाते, काढता काढता पिढी जाते. आधी गवत ओळखा. पवन्या, शेडा, मारवेल भरपूर असेल तर जमीन चांगल्या अवस्थेत आहे, तिथे खोदू नका. सगळीकडे कुसळीच असेल तर चराई जास्त झाली आहे, तिला विश्रांती द्या. मुरूम उघडा पडून नुसती तरवड-घायपात उरली असेल, तिथे चर आणि बी. चराच्या भरावावर मारवेलची ठोंबं ४५-६० सेंमीवर जूनच्या पहिल्या ओलीत लावायची. पवन्या-शेड्याचं बी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पिकतं, ते शेजारच्या राखलेल्या माळावरूनच गोळा करा. बाहेरून आणलेल्या पाकिटांपेक्षा ते चांगलं रुजतं. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये जाळरेषा (आग अडवणारे गवत काढलेले पट्टे) काढल्या नाहीत तर एका वणव्यात वर्षाचं काम जातं.

चराईबंदी जाहीर करताना मेंढपाळांना बाजूला ठेवलं तर ती रात्री मोडली जाते, आणि त्यांचा राग रास्त असतो. त्यांचं पोट त्या माळावर आहे. एकूण चराऊ क्षेत्राचे तीन भाग करा, एका वेळी एकच बंद, दोन पावसाळे. बंद भागातलं गवत दिवाळीनंतर विळ्याने कापून न्यायला परवानगी, आणि त्यात मेंढपाळांच्या घरांचा वाटा आधी ठरलेला. कुठला भाग आधी बंद करायचा हे त्यांनाच ठरवू द्या.

वनखात्याच्या हद्दीत स्वतःहून एक कुदळही मारू नका. ते काम वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांमार्फत, संयुक्त वन व्यवस्थापन समितीच्या ठरावाने होतं. खासगी जमिनीवर गट नंबर लिहिलेलं संमतीपत्र प्रत्येक खातेदाराचं घ्या, भावकीत सामाईक सातबारा असेल तर सगळ्यांचं. तोंडी होकार खोदाई सुरू झाली की फिरतो. आणि तुमच्या स्वतःच्या भावकीच्या रानातलं काम सगळ्यात शेवटी ठेवा. गाव हे बघत असतं.

पैशाचं. रोजगार हमीचा आराखडा १५ ऑगस्ट किंवा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत कामं घातली तरच पुढच्या वर्षी सरकतो. मार्चमध्ये जागं होऊन उपयोग नसतो. मग अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, हजेरीपट, मोजमाप. अडतं ते बहुधा मोजमापावर. मोजमाप उशिरा झालं की मजुरी उशिरा, आणि मजूर पुढच्या आठवड्यात येत नाहीत. ग्रामरोजगार सेवकाशी आणि तालुक्याच्या पॅनेल तांत्रिक अधिकाऱ्याशी आठवड्याचा मोजमापाचा वार आधीच ठरवून घ्या. कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधीही मिळतो, पण कंपनीला एका वर्षात फोटो हवा असतो. करारात तीन वर्षांची देखभाल लिहून घेतल्याशिवाय तो घेऊ नका.

तुमच्या स्वतःच्या उत्पन्नाबद्दल. नोकरी सोडून लगेच एकट्याने गावी सुरुवात करू नका. पहिली दोन वर्षं एखाद्या संस्थेत पाणलोटाचं क्षेत्रीय काम करा. वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट, बाएफ, अफार्म यांसारख्या संस्थांकडे आखणीपासून हिशेबापर्यंत सगळं शिकायला मिळतं. छत्रपती संभाजीनगरच्या वाल्मीत (जल व भूमी व्यवस्थापन संस्थेत) प्रशिक्षणं होतात. तुमची पदवी जाहिरातीतल्या पात्रतेत बसत असेल तर जलसंधारण अधिकारी पदाची परीक्षा हाही रस्ता आहे, फक्त नेमणूक आपल्या तालुक्यात मिळेलच असं नाही. गावात राहून स्वतंत्र करायचं तर उत्पन्न एका जागेवरून येत नाही: पाच-सहा ग्रामपंचायतींसाठी सर्वेक्षण आणि आराखडे, संस्थांसाठी विहीर आणि पावसाच्या नोंदी, गवताची ठोंबं आणि वाळ्याची रोपवाटिका, आणि स्वतःची कोरडवाहू शेती. वाळ्याची रोपं १०-१५ सेंमीवर लावावी लागतात, म्हणजे शंभर मीटर बांधाला सातशे ते हजार, त्यामुळे मागणी खरी असते. जेसीबी मात्र कर्जाने घेऊ नका. यंत्राचा हप्ता डोक्यावर असणारा माणूस जिथे खोदू नये तिथेही खोदाई सुचवू लागतो, आणि आखणी करणारा व ठेकेदार एकच झाला की गावाला दुसरं मत मिळत नाही.

पावसाळ्यातलं तुमचं काम ठरलेलं. २५ मिमीच्या वर पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी फावडं, फक्की आणि वही घेऊन वरच्या ओळीपासून फिरायचं. चर कुठे भरून वाहिला, कुठे कोरडा राहिला, कुठली बगल कापली गेली याची नोंद, आणि हाताने बुजेल ते तिथल्या तिथे. ज्या चरात पाणी एका टोकालाच दिसेल तिथे पातळी चुकली आहे, खालच्या टोकाकडे चरात मातीचा आडवा बांध घालून ती दुरुस्त होते. दरवर्षी त्याच जागेवरून, त्याच महिन्यात फोटो. तीन ते पाच वर्षांत चर गाळाने भरतील. भरावावर गवत दाट झालं असेल तर ते पुन्हा उकरू नका, गवत तेच काम करतं. गवत नसेल तर मात्र उकरण्याआधी चराई कुठून होते आहे ते शोधा.

पहिल्या टप्प्यात अख्खा डोंगर घेऊ नका. एकच घळ, तिचं पाच-सात हेक्टरचं पाणलोट, खाली दोन-तीन विहिरी असतील अशी निवडा. पहिल्या ऑक्टोबरमध्ये विहिरींचं पहिलं वाचन, वर्षभराच्या मोजणीनंतर येणाऱ्या जानेवारीत आखणी, मेअखेर खोदाई पूर्ण, जूनमध्ये ठोंबं. शेजारच्या, काम न केलेल्या घळीखालच्या दोन विहिरीही त्याच तारखांना मोजा, नाहीतर पाणी कामामुळे वाढलं की पावसामुळे, हे पुढच्या ग्रामसभेत सांगता येणार नाही.